दारावरचा नंबर

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तोवर ज्ञानेश्वरीच्या वाडीतली अर्धी माणसं ट्रकात बसून ऊस तोडायला निघून जातात. जामखेडपासून बरंच आत, माळाच्या कडेला ही वाडी. पाऊस तिथं घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. मग माणसांनी काय करायचं? कोयता उचलायचा आणि कारखान्याची वाट धरायची. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुलपं. गुढीपाडव्यापर्यंत गल्ल्या गप्प असतात.

जाताना एक काम मात्र कुठलंच घर विसरत नाही. दारावर खडूनं नाहीतर चुन्यानं घरधन्याचं नाव, परत कधी येणार ते आणि फोन नंबर लिहायचा. पोस्टमन आला, आशाताई आली, एखाद्या सोयऱ्याकडे बरंवाईट झालं, तर निरोप पोचायला नको का? शहरातला शहाणा म्हणेल, हे तर चोराला आवतण झालं. पण चोरानं न्यावं असं त्या घरांत काय असतं, आणि ते दार वाचणारा माणूस कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचाच असायचा. आजवर त्या नंबरांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीच्या दारावर तर खडूही नव्हता, पांढरा ऑइलपेंट होता. तिचे वडील रंगनाथ, म्हणजे तिचे अण्णा, तोडीला गेलेले असताना त्यांची थोरली बहीण वारली होती. निरोप्या भर दुपारी आला तर गल्लीत चिटपाखरू नाही, आणि दारावरचा खडू अवकाळीनं धुऊन नेलेला. तो आल्या पावली परत गेला. बहिणीचं तोंड अण्णांना शेवटचं बघायला मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी रंगाचा डबा आणला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: रंगनाथ सहादेव, तोडीला गेलो, पाडव्याला येणार. खाली नंबर. ते अक्षर ज्ञानेश्वरीला फार आवडायचं.

यंदा ती दहावीला होती. आई-अण्णा निघून गेल्यावर ती चुलतीकडे, विजयमाला काकीकडे राहायची. चुलते नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीपुरते घरी. काकी बाई कष्टाळू, जिभेनं तिखट, आणि दुसऱ्याची पोर सांभाळायची म्हणून सदा धास्तावलेली. शाळेसाठी म्हणून अण्णांनी जुना टचचा मोबाईल घेऊन दिला होता आणि स्वतः बटणांचा फोन घेऊन गेले होते. रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी आपल्या बंद घरी जायची, अंगण झाडायची, तुळशीपुढं दिवा लावायची आणि परत काकीकडे यायची. समोरच्या ओट्यावर सूर्यभान तात्या बसलेले असत. कोयता चालवायचं त्यांचं वय सरलं होतं, म्हणून ते दिवसभर कुलपांकडे बघत बसायचे.

आता मोबाईल आला की गावाच्या पोटात दुखणं आलंच. गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीच्या वर्गातली जया कुणा मुलाशी फोनवर बोलताना सापडली. काय बोलत होती हे कुणी विचारलं नाही. तिच्या बापाचा तोडीवरून फोन आला, "म्या येतो," एवढंच म्हणाला, आणि आला तो तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादम आबासाहेबांना आणि त्यांनी काढलेल्या स्थळाला घेऊनच. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून धरतात, त्यामुळं लग्नाच्या पोराला कामाची बायको हवीच असते आणि पोरीचं वय कुणी विचारत नाही. यंदा जया नवऱ्याबरोबर ट्रकात बसून गेली. जाताना तिनं ज्ञानेश्वरीला आपली कंपास दिली. ज्ञानेश्वरी ती वापरत नव्हती, पण दप्तरातून काढतही नव्हती.

म्हणून ती फार जपून होती. शाळेत धनश्री मॅडमनी इंटरनेटवर कसं वागावं यावर एक तास घेतला होता, आणि बाकीची पोरं मागच्या बाकावर खिदळत असताना हिनं शब्दन् शब्द ऐकला होता. खरं नाव टाकू नका, शाळा सांगू नका, नंबर देऊ नका, फोटो देऊ नका. कुणी त्रास दिला तर काही पुसू नका, मोठ्या माणसाला सांगा. तिनं खातं उघडलं तेही 'रांगोळीवेडी' या नावानं. त्यात तिचा चेहरा नाही, गाव नाही, काही नाही, फक्त रांगोळ्या. तुळशीच्या लग्नाला तिनं आपल्या बंद दारापुढं मोठं कासव काढलं, मैत्रीण संस्कृतीनं भिंतीवर चढून त्याचा व्हिडिओ घेतला, आणि तो इतक्या लोकांनी पाहिला की दोघी दिवसभर हवेत होत्या.

त्याच व्हिडिओखाली जुई भेटली. मी पारनेरची, मीही दहावीला, मलाही रांगोळीचं वेड, असं तिनं लिहिलं. जुईच्या फोटोत एक फूल होतं. ज्ञानेश्वरीला तिचं काही खटकलं नाही, कारण खटकावं असं जुई काही विचारतच नव्हती. भूमितीचं कोडं, प्रॅक्टिकलची वही, संक्रांतीची नक्षी. दोन महिने अशा गप्पा झाल्यावर ती म्हणाली, आपण एवढ्या मैत्रिणी आणि मी तुला पाहिलंही नाही. ज्ञानेश्वरीनं दिवाळीच्या नव्या ड्रेसातला एक फोटो पाठवला. मुलीलाच तर पाठवला, असं तिनं मनाशी म्हटलं. मॅडमचा एवढा एकच नियम तिनं मोडला.

संक्रांत झाली, काकी ज्वारीच्या राखणीला गेली होती. दुपारची वेळ. जुईकडून एक फोटो आला. चेहरा ज्ञानेश्वरीचा होता, दिवाळीतलाच, हसरा. बाकी सगळं खोटं होतं आणि नको तसलं होतं. तिला आधी कळेचना की आपण काय बघतोय. कळलं तेव्हा तिच्या हातातला फोन चुलीजवळच्या राखेत पडला.

खाली लिहिलं होतं, आता मी सांगेन तसे खरे फोटो पाठव, नाहीतर हा सगळीकडे जाईल. तिनं लिहिलं, जुई, तू अशी का करतेस? तिकडून उत्तर आलं, जुई नाही मी. मुलगी पण नाही.

तिनं ते खातं बंद करायचं ठरवलं, बोट त्या बटणावर नेलंही, आणि तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली. ब्लॉक केलंस तर रंगनाथ सहादेवला पाठवीन. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. पाडव्याला येणार ना तो?

ही ओळ तिनं पुन्हा वाचली. अण्णांचं नाव तिनं जुईला कधी सांगितलं नव्हतं. ते तोडीला गेलेत, पाडव्याला येणार आहेत, यातलं अक्षरही कधी लिहिलं नव्हतं. हे ठाऊक होतं ते फक्त वाडीतल्या माणसांना. म्हणजे तो वाडीतलाच होता. रोज तिला येता-जाता बघणारा, कदाचित आत्ताही बघत असलेला. तिनं उठून खिडकी लावून घेतली आणि दाराला आतून कडी घातली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला वाडीतला प्रत्येक पुरुष वेगळा दिसायला लागला. रिचार्जच्या दुकानातला कल्याण तिला बघून हसला आणि म्हणाला, काय गं, हल्ली दिसत नाहीस. इतकी वर्षं तो हेच म्हणत आला होता, पण आता ती रिचार्ज न करताच मागं फिरली. यानंच मागं तिच्या फोनची काच बदलली होती. तेव्हा फोन दुपारभर याच्याकडेच होता. दुधाच्या टेम्पोवाल्यानं वळून पाहिलं, ती दुसऱ्या गल्लीत शिरली. शाळेच्या वाटेवर मागून मोटरसायकल आली की ती बांधावर चढून उभी राहायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली उतरायची नाही.

आणि सूर्यभान तात्या. ते तर दिवसभर तिच्याच दाराकडे तोंड करून बसायचे. का बसायचे? इतकी घरं आहेत, याच घरापुढं का? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला मोबाईल उचलायचा कसा तेसुद्धा माहीत नव्हतं, पण भीतीला एवढा विचार कुठला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती तयारच बसली होती. तिनं अंगण झाडायला जाणं सोडलं. तुळशीपुढचा दिवा बंद झाला.

काकीला सांगावं असं तिच्या रोज मनात यायचं. पण जयाची गोष्ट निघाली की काकी एकच म्हणायची, विस्तवाशी खेळ केला, भाजणारच. आणि काकीला कळलं म्हणजे चुलत्यांना कळणार, चुलत्यांना कळलं म्हणजे अण्णांना. धनश्री मॅडमना सांगायला ती एकदा शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेली. आत मॅडम प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होत्या, शेजारी आणखी दोन सर बसले होते. त्यातलाच एखादा असला तर? ती दारातूनच मागं फिरली. मॅडमनी हाक मारलेली तिला ऐकू आली, पण ती थांबली नाही.

तिला त्या माणसाची भीती होती, पण त्याहून जास्त भीती अण्णांची होती, हे स्पष्ट सांगायला हवं. अण्णा मारकुटे नव्हते. उलट तिच्या मार्कांचं कौतुक ऊसतोडीच्या सगळ्या टोळीला सांगत फिरायचे. पण जयाचा बापही तसाच होता. तो फोटो अण्णांनी बघितला की खरं काय अन् खोटं काय हे विचारायला कुणी थांबणार नव्हतं. परीक्षा राहील बाजूला, आबासाहेब मुकादम एक स्थळ काढतील आणि पुढच्या दिवाळीला ती ट्रकात बसलेली असेल. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता कधी सांगता येईल असं तिला वाटत नव्हतं.

मग त्या माणसाचा निरोप आला, उद्या दुपारपर्यंत. एक तरी पाठव, मग मी गप्प बसतो. नाही आला तर रंगनाथला समजलंच म्हणून समज.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत शाळेतून निघाली आणि आपल्या बंद घराकडे गेली. एकटं असायला दुसरी जागा नव्हती. काय करायचं हे तिचं ठरलं नव्हतं. एक फोटो पाठवला तर सुटू, असं एक मन म्हणत होतं. एकावर कोण थांबतंय, असं दुसरं. कसला फोटो काढायचा हा विचार आला की ती फोन परत दप्तरात टाकायची. ऊन डोक्यावर होतं, गल्लीत एक कुत्रं सावलीला पडलं होतं, आणि समोरच्या ओट्यावर तात्या होते. तिला बघताच ते काठी टेकत उठले आणि तिच्याकडे यायला लागले.

तात्या अंगणाच्या कडेला येऊन थांबले. "बाय, लई दिस झालं झाडलं न्हाईस," ते म्हणाले. "बरं न्हाई का तुला?"

बरी आहे, असं पुटपुटून ती घराकडे वळली. तात्या परत आपल्या जागेवर जाऊन बसले. ती आपल्या ओट्यावर चढली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मागून तरी कुणी येऊ नये म्हणून. युनिफॉर्मच्या ओढणीनं तिनं तोंड पुसलं. फोन काढला. कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि पडद्यात आपला चेहरा पाहिला. रडून सुजलेला, घामेजलेला. हा फोटो कुणाला कशाला हवा असेल, असं तिला वाटून गेलं.

आणि तिच्या खांद्यामागं काहीतरी पांढरं होतं.

ती दचकून वळली. मागं कोणी नव्हतं. दार होतं, कुलूप होतं, आणि कुलपाच्या वर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. रंगनाथ सहादेव. तोडीला गेलो. पाडव्याला येणार. खाली नंबर.

मग ओट्यावरच बसून तिनं तुळशीच्या लग्नाचा व्हिडिओ उघडला. पुढं कासव, मागं दार. बोटानं थांबवून मोठं करून पाहिलं. ऑइलपेंटच तो, ऊन पडल्यावर लखलखत होता. अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं. संक्रांतीच्या व्हिडिओतही तेच दार, आणि दिवाळीच्या पणत्यांमागंही तेच दार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. ज्याला ती गल्लीगल्लीत शोधत होती तो वाडीत कधी आलाच नव्हता. तिनं नाव लपवलं होतं, गाव लपवलं होतं, आणि अण्णांचं नाव, नंबर, परत यायचा दिवस, सगळं दार सांगत होतं, जो बघेल त्याला.

तिनं मान वर केली. तात्या समोर बसले होते, नुसते म्हातारे, कुलपांची राखण करणारे. तिला त्यांच्यावर संशय घेतल्याची इतकी लाज वाटली की तिनं पुन्हा मान खाली घातली. त्या धमकी देणाऱ्याकडे काय आहे मग? एक खोटा फोटो आहे, एक दार आहे. आणि एक नंबर. मग तिच्या ध्यानात आलं की तो नंबर अण्णांच्या बटणाच्या फोनचा आहे, आणि त्या फोनवर फोटो जातच नाही. इतके दिवस ज्या धाकानं तिचा घास गिळला जात नव्हता तो धाकच पोकळ होता. तिला हसू येणार होतं, पण आलं नाही. कारण फोटो जात नसला तरी त्या फोनवर बोलता तर येतं. तो अण्णांना काहीही सांगू शकत होता. दुपार तर झालीच होती.

तो सांगायच्या आत आपण सांगायचं, एवढंच तिला कळलं. विचार करत बसली असती तर धीर सुटला असता, म्हणून तिनं लगेच नंबर लावला. दारावर बघून लावला. पाठ असलेला नंबर त्या क्षणी तिला आठवेना.

अण्णांचा फोन उसाच्या फडाच्या कडेला पाण्याच्या हंड्याजवळ पिशवीत असायचा. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागून कोयत्यांचे आवाज येत होते आणि कुणीतरी मोळ्या बांधायला हाका मारत होतं. ज्ञानेश्वरीनं सगळं सांगितलं. न थांबता, रडत, मागचं पुढं करत, पण सगळं. स्वतः पाठवलेल्या दिवाळीच्या फोटोसकट. फोन कट झाला की काय म्हणून तिनं दोनदा हाक मारली.

"आनिक कुनाला सांगितलंस?" अण्णांनी विचारलं.

"कुनाला न्हाई."

"बरं. त्यातलं काय पुसू नको. त्येला काय धाडू नको." मागं कोयते चालूच होते. "म्या येतो."

फोन बंद झाला. ज्ञानेश्वरीच्या कानात तेवढेच दोन शब्द राहिले. जयाच्या बापानं हेच शब्द वापरले होते.

त्या दिवसाचं उरलेलं ऊन आणि दुसरी सकाळ तिनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. काकीला तिनं अण्णा येणार एवढंच सांगितलं. काकीनं काय झालं म्हणून खोदून विचारलं, शेवटी तिचा चेहरा बघून पुढ्यात भाकरी आणून ठेवली. 'जुई'चे निरोप येत होते. आधी दमदाटी, मग शिव्या, मग पुन्हा गोड. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही आणि एकही पुसला नाही. सुटका करून घ्यायला आपण फोन केला, की आपल्याच हातानं आपलं लग्न ठरवलं, हे तिला कळेनासं झालं होतं.

दुपारी मुकादमाची जीप गल्लीत शिरली. काकीच्या दारातून तिनं पुढच्या सीटवर आबासाहेबांची पांढरी टोपी पाहिली. म्हणजे तसंच होणार होतं. अण्णा मागून उतरले. अंगावर उसाच्या पाचटाची कुसळं, पायांत फडातल्याच चपला, कमरेला बांधलेल्या गोणपाटात कोयता. ते काकीकडे आलेच नाहीत, सरळ आपल्या घराकडे चालायला लागले. आबासाहेब त्यांच्या मागं गेले. ज्ञानेश्वरीही गेली, न जाऊन सुटका नव्हती.

अण्णा दारापुढं उभे होते. "ह्यानंच?" त्यांनी दाराकडे बोट दाखवून विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी फोन मागितला. तो व्हिडिओ तिनं लावून दिला, पुढचं सगळं तिला दाखवता येईना. तेव्हा ते म्हणाले की बाकीचं मी बघणार नाही, ते पोलिसांनी बघावं. व्हिडिओतलं दार मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. आपलंच अक्षर वाचायला त्यांना इतका वेळ लागलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

मागून आबासाहेबांनी घसा साफ केला. "रंगनाथ, तिकडं पाव्हनी मानसं वाट बघत असतील. आपन शब्द दिलाय."

ज्ञानेश्वरीनं दाराची चौकट धरली. अण्णांनी आबासाहेबांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

"परवा त्या मानसाचा फोन आल्ता मला," ते म्हणाले. "म्हनला, तुमची पोर मला असले फोटो धाडती. म्या खरं धरलं. आबासायबाला म्हनलं, बघा एखादं घर, आन दोन दिसांत जाऊन बोलनी उरकू. आन दुसऱ्या दिशी तुजा फोन आला." त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. "तू फोन केला नसतास, तर म्या आज सुपारी फोडूनच तुज्यापुढं आलो असतो."

काल दुपारी ओट्यावर ती अजून थोडी घुटमळली असती तर काय झालं असतं, हे तिला आत्ता, अण्णांच्या तोंडून कळत होतं, आणि सगळ्या दिवसांत वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या क्षणी वाटली.

अण्णांनी कमरेचा कोयता काढला. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कोयत्याच्या पात्यानं दारावरचा रंग खरवडत होते. ऑइलपेंट सहजी निघत नव्हता, लाकडाचे कपचे उडत होते. आधी नंबर गेला, मग पाडवा, मग त्यांचं नाव. पातं तसंच चालवत ते आबासाहेबांना म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय. पाव्हन्यास्नी सांगा, न्हाई जमत. तुमची जीप तेवढी जामखेडपत्तुर द्या, पोलीस ठान्यात जायाचंय."

आबासाहेब झाकली मूठ वगैरे काहीतरी बोलू लागले. कशाला चार माणसांत न्यायचं, पोरीच्या जातीला जपावं लागतं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि खरवडणं थांबवलं नाही. शेवटी आबासाहेबच जीप वळवायला गेले.

गल्लीतल्या इतर दारांवरचे खडू अजून तसेच होते. संस्कृतीच्या दारावरही होता. आवाज ऐकून तात्या काठी टेकत आले होते, त्यांना ज्ञानेश्वरीनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तात्यांना इंटरनेट कळलं नाही, पण दार जगभर दिसतं एवढं कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग आता पुसायचं म्हणजे सगळ्यांचंच पुसायचं, असं ते म्हणाले. पण निरोप आला तर, ज्ञानेश्वरीनं विचारलं. कुणाचं बरंवाईट झालं तर? अण्णांचा हात तिथं थांबला. बहिणीची आठवण झाली असावी.

"माज्यापाशी येऊ द्यात की," तात्या म्हणाले. "म्या हितंच असतो. दाराला काय कळतंय कोन वाचतंय त्ये. म्या आदी इचारीन, तुमी कोन."

जीप आली. ज्ञानेश्वरी अण्णांशेजारी बसली, मांडीवर दप्तर, दप्तरात जयाची कंपास. तिच्या हातात फोन पुन्हा थरथरला. अण्णांनी पडद्याकडे न बघता फोन तिच्या हातातून घेतला, आपल्या गमछ्यात गुंडाळला आणि मांडीवर धरून बसले. मागं तात्या ओलं फडकं घेऊन शेजारच्या दारावरचा नंबर पुसायला लागले होते.